ब्रासचा हिशेब

शिळफाटा म्हटलं की बाहेरच्यांना मुंब्रा-कल्याण बाजूचा आठवतो. आमचा शिळफाटा खोपोलीचा, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा. माल मागवताना हे दोनदा सांगावं लागतं. एकदा सळईची गाडी त्या शिळफाट्याला जाऊन रात्रभर उभी राहिली आणि भाडं माझ्या खात्यावर पडलं. माझ्या चुकांमधली ही सगळ्यात स्वस्त.

मी डिप्लोमा झालेला सिव्हिलवाला. 1987 पासून कर्जत-खालापुरात बांधकामं केली. आधी गावातली घरं, मग गोदामं, कारखान्यांची कंपाउंडं आणि शेवटी मुंबईकरांची फार्महाउसं. हिशेबाला मी पक्का, अशी ख्याती होती. आमच्या धंद्यात हिशेब ब्रासमध्ये चालतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. खडी, रेती, मुरूम, डबर, सगळं ब्रासवर येतं आणि ब्रासवर संपतं. साइटवर किती ब्रास उतरली हे मी झोपेतही सांगितलं असतं. ती निघाली कुठून, याची नोंद कुठल्याच वहीत नव्हती.

आणि काम आयटम रेटवर. म्हणजे जितकं काँक्रीट ओतलं तितकं बिल. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी घरं बांधली असतील, म्हणून उघडच सांगतो. मालाची नासाडी ठेकेदाराला नेहमी टोचतेच असं नाही. ती बिलात बसली तर उलट तिच्यावरही दहा-पंधरा टक्के सुटतात. मालक पायात भक्कमपणा मागतो, स्लॅबला हात लावून "अजून एक इंच टाका की" म्हणतो, आणि मी कधी नाही म्हटलं नाही. हजार चौरस फुटांच्या स्लॅबला एक इंच जाडी वाढली की त्र्याऐंशी घनफूट काँक्रीट वाढतं. त्यात पाऊण ब्रास खडी आणि तिच्या निम्मी रेती जाते. गरज नसताना वाढवलेल्या त्या इंचाने स्लॅब अधिक भक्कम होतो असंही नाही. आधी त्याला स्वतःचंच वजन पेलावं लागतं, मग त्यासाठी बीम मोठे, कॉलम मोठे, पाया खोल. हे मला शिकवलेलं होतं. परीक्षेत लिहूनही आलो होतो.

1998 च्या सुमारास मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं काम सुरू झालं आणि खालापूर तालुक्यात खडीला सोन्याचा भाव आला. रस्त्याच्या कामाला मी लायक नव्हतो, पण आमच्यासारख्यांच्या साइटला खडी मिळेना. एका ओळखीच्याने क्रशरसह दगडखाणीत भागीदारी देऊ केली. मी घेतली. त्या वेळी पाच हेक्टरच्या आतल्या खाणीला पर्यावरण मंजुरी लागत नसे. आमची अर्थातच पाचच्या आत होती. सगळ्यांच्याच पाचच्या आत असत. ही पळवाट सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2012 रोजी, दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात बंद केली. तोवर आमची खाण खोदून संपलीही होती.

खाण डोंगराच्या एका सोंडेवर होती. तिच्या पलीकडच्या अंगाला ठाकर आदिवासींची वाडी, वीस-बावीस घरांची. वाडीला एक सरकारी विहीर. पहिली दोन वर्षं आम्ही सोंड वरून कापत खाली आलो, तोवर काही बिघडलं नाही. सुरुंग दुपारी लागायचा, आधी शिट्टी व्हायची, वाडीतली पोरं कानांवर हात ठेवून बघायची. भाताच्या खाचरांवर पांढुरकी धूळ बसायची. ती पाऊस धुऊन काढेल, असं आम्ही म्हणायचो आणि पाऊस ती धुऊन काढायचाही. धूळ जायची कुठे तर ओढ्यात.

तिसऱ्या वर्षी आडवी जागा संपली. पट्ट्याची हद्द आली. पुढे सरकायचं तर नवा अर्ज, नवी टेबलं. खाली जायला कुणाची परवानगी विचारावी लागत नाही, असं आम्ही धरून चाललो. खाली दगडही उत्तम होता, काळाभोर, बिनभेगांचा. जमिनीच्या पातळीखाली गेलो आणि एका सकाळी खाणीच्या तळाला पाणी दिसलं. भिंतीत एका ठिकाणी तांबूस मातीचा हातभर जाड थर होता, दोन काळ्या थरांच्या मधे, आणि त्याच्या वरच्या सांध्यातून पाणी पाझरत होतं. स्वच्छ पाणी. ऑपरेटरने ओंजळीने पिऊनही पाहिलं. मी म्हटलं, पंप लावा.

पंप लावला. त्या पाण्यातलं थोडं डंपरच्या रस्त्यावर शिंपडायचो, धुळीच्या तक्रारी नकोत म्हणून. उरलेलं आमच्या अंगाच्या नाल्यात सोडायचो. ते पाणी कुणाचं, हा प्रश्न मला पडला नाही. माझ्या लेखी तो अडथळा होता आणि त्याच्या डिझेलचा खर्च मी वहीत लिहीत होतो.

त्या साली वाडीची विहीर फेब्रुवारीतच आटली. एरवी ती मे महिन्यापर्यंत ओढायची. पाऊस कमी झाला असेल, असं मी म्हणालो. खोपोली-कर्जत भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दोन-चारशे कमी पडल्याने विहीर तीन महिने आधी आटत नाही, एवढं कळायला डिप्लोमाही लागत नाही. वाडीतल्या बायका पहाटे उठून ओढ्यातल्या डवऱ्यावर जायला लागल्या. वाटीवाटीने हंडा भरायचा. आता यातला सगळ्यात लाजिरवाणा भाग. माझ्या दुसऱ्या एका साइटवर पाटी उचलणाऱ्या दोघीजणी त्याच वाडीच्या होत्या. त्या रोज उशिरा येऊ लागल्या. मी त्यांचा अर्धा दिवस कापत होतो. त्यांचं पाणी एका वहीत डिझेलच्या खर्चात आणि त्यांचा उशीर दुसऱ्या वहीत मजुरीच्या बचतीत. दोन्ही वह्या माझ्याच हातच्या आणि माझ्याच टेबलावर.

मार्चमध्ये वाडीतली एक म्हातारी खाणीच्या काठावर येऊन उभी राहिली. भांडायला आली नव्हती. बराच वेळ पंपाच्या पाइपाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दादा, आमचं पाणी तुमच्या खड्ड्यात हाय." मी तिला समजावलं की विहीर डोंगराच्या त्या अंगाला, खाण या अंगाला, मधे अख्खी सोंड, पाणी असं इकडून तिकडे येत नसतं. शिकलेल्या माणसाच्या आवाजात समजावलं. ती ऐकून घेऊन निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही वाडीला टँकर सुरू केला. भागीदाराने टँकरसमोर नारळ फोडला आणि स्थानिक पेपरात फोटोही आला. त्यात मी डावीकडून दुसरा आहे.

पुढे बऱ्याच वर्षांनी, भूजल खात्यातून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांना मी हा किस्सा सांगितला. त्यांनी माझ्याच एका एस्टिमेटच्या मागच्या बाजूला सह्याद्रीची सोंड काढून दाखवली. आपला दगड लाव्हाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेला. अखंड काळ्या दगडात पाणी राहत नाही. ते राहतं वरच्या झिजलेल्या मुरमात, भेगांमध्ये आणि दोन थरांच्या सांध्यात. तो तांबूस थर म्हणजे दोन लाव्हांच्या मधल्या काळातली भाजलेली जमीन. पाणी सहजासहजी तिच्याखाली उतरत नाही, तिच्या अंगाने आडवं सरकतं आणि सोंडेच्या ज्या अंगाला वाट मिळेल तिथे झरा होऊन बाहेर येतं किंवा विहिरीत उतरतं. तुम्ही त्या सांध्याला दुसऱ्या अंगाने तोंड पाडलंत, ते म्हणाले, आणि वर पंप लावलात. म्हातारीने एका वाक्यात सांगितलं होतं तेच त्यांनी चहा संपेपर्यंत सांगितलं.

गंमत अशी की त्याच डोंगराखालून पातळगंगा बारमाही वाहते. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी टाटांच्या खोपोलीच्या वीजकेंद्रात उतरतं आणि पुढे नदीला मिळतं. 1915 पासूनची ही व्यवस्था. खाली कारखान्यांना उन्हाळाभर पाणी असतं. वर वाड्यांना नसतं. वाडीचा सगळा भरवसा डोंगराने पावसाळ्यात पिऊन ठेवलेल्या पाण्यावर, आणि डोंगर आम्ही पाऊण इंची, अर्धा इंची आणि ग्रिट अशा तीन ढिगांत लावत होतो.

खाणीतून मी बाहेर पडलो ते पश्चात्ताप होऊन नाही. भागीदाराशी हिशेबावरून वाजलं. मग काही वर्षांनी पट्ट्याची मुदत संपली, क्रशर उचलला गेला, खड्डा राहिला. विहीर आधीसारखी कधी झाली नाही. खोदताना पडलेलं तोंड बुजवता येत नाही. 2021 साली शासनाने दगड-मुरमाची रॉयल्टी ब्रासला 600 रुपये केली तेव्हा आमच्यातल्या सगळ्यांनी बोंब मारली. मी गप्प बसलो, कारण त्या 600 मध्ये विहिरीचा वाटा किती धरला आहे, हे मला कुणी सांगू शकलं नसतं.

दुसरी चूक रेतीची. आमच्याकडे रेती यायची ती खाडीची. पूर्वी हातपाटीने, डुबी मारून काढलेली. नंतर सक्शन पंपाने. 2010 साली उच्च न्यायालयाने राज्यातला वाळूउपसा थांबवला आणि रेतीचा दर रातोरात चढला. ज्यांच्याकडे धीर होता त्यांनी कामं थांबवली. माझ्याकडे एका निवृत्त गुरुजींचं घर होतं. फंडाचे पैसे आणि मुलीचं लग्न त्याच घरातून करायचं ठरलेलं. मी रात्रीची रेती घेतली. पावती नाही, पास नाही, दिवे बंद करून आलेला डंपर. खाडीची रेती धुऊन वापरायची असते हे मिस्त्रीलाही माहीत होतं. त्याने विचारलंही. पाणी विकत घ्यावं लागत होतं, म्हणून मी म्हटलं, टाक तशीच.

लग्न झालं. मांडव त्याच स्लॅबखाली होता. सहाव्या पावसाळ्यात गुरुजींचा फोन आला की छताचे पोपडे पडतायत. जाऊन बघितलं. मीठ सळईपर्यंत पोचलं की ती गंजते, गंजली की फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. हातोडीने टकटक केलं तर निम्मा स्लॅब पोकळ वाजला. सळई बोटाने खरवडली तर पापुद्रे निघाले. टेकू लावून तो स्लॅब तोडावा लागला. निम्मा खर्च मी दिला, निम्मा गुरुजींनी, आणि माझा निम्मा मी हप्त्याहप्त्याने दिला हेही सांगायला हवं. गुरुजी रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "तुम्ही विचारलं असतंत तर आम्ही लग्न पुढे ढकललं असतं." मी विचारलंच नव्हतं.

तोडलेला राडारोडा टाकायचा कुठे? आमच्याच जुन्या खाणीच्या खड्ड्यात नेऊन टाकला. म्हणजे एका घरासाठी दोनदा रेती उपसली, दोनदा खडी फोडली, दोनदा सिमेंट जाळलं. एक टन सिमेंटला साधारण दीड टन चुनखडी लागते. ती आपल्याकडे चंद्रपूरच्या कोरपना-राजुरा भागातून निघते, म्हणजे तिथेही कुणाच्या तरी विहिरीशेजारून. माझ्या एका रात्रीच्या घाईचा हिशेब एवढ्या लांब गेला. आणि तो राडारोडा वाया घालवायची गरज नव्हती. जुन्या काँक्रीटची खडी करून ती पायाखालच्या कच्च्या काँक्रीटमध्ये शंभर टक्के आणि साध्या आरसीसीमध्ये वीस टक्क्यांपर्यंत वापरायला भारतीय मानक 383 मध्ये 2016 पासून मुभा आहे. खोपोलीत कोण विचारतो? मीही तेव्हा विचारलं नाही.

तिसऱ्या प्रकारच्या चुका मोजण्यात अर्थ नाही. चांगली घरं पाडली. सागाचं आढं, घडीव दगडांचं जोतं, मंगलोरी कौलं असलेलं घर "जुनं झालं" म्हणून पाडायचं आणि तिथे चौकोनी खोका उभा करायचा, हे मी इतक्या वेळा केलं की सगळी घरं आठवतही नाहीत. जोत्याचे दगड भरावात गेले. दहा-पंधरा वर्षांनी त्यातल्या दोन-तीन मालकांनी गळती थांबवायला गच्चीवर पत्र्याची शेड टाकली. म्हणजे शेवटी छप्पर उतरतंच हवं होतं.

2011 मध्ये माधव गाडगीळ समितीचा पश्चिम घाटाचा अहवाल आला. अतिसंवेदनशील पट्ट्यात नव्या दगडखाणींना परवाने देऊ नयेत, असं त्यात म्हटलं होतं. आम्ही ठेकेदार मंडळी फाट्यावरच्या टपरीवर त्यावर मनसोक्त हसलो. मग घरं काय हवेत बांधायची, असा माझाच शेरा होता. अहवाल आमच्यातल्या कुणीच वाचलेला नव्हता.

19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. आमच्याच खालापूर तालुक्यात, चौकच्या वर. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं मिळालीच नाहीत आणि मग शोध थांबवला गेला. त्यानंतर अनेकांनी खाणींकडे बोट दाखवलं. मला ते बोट सोयीचं वाटत नाही. इर्शाळवाडीच्या डोक्यावर खाण नव्हती. अतोनात पाऊस होता, तीव्र उतार होता, झिजलेला डोंगर होता. खाणीच्या माथी खोटा आळ घातला की खाणवाल्याला खरा दोष झटकायला सोपं जातं. मी त्या बाजूला बसलेलो आहे, म्हणून सांगतो. पण त्या आठवड्यात मी माझ्या जुन्या कामांची यादी काढून बसलो. फार्महाउसच्या रस्त्यासाठी कुठल्या उताराचा पाय कापला, कुठला नाला मुरमाने बुजवून लॉन केलं. तीन ठिकाणी जाऊन आलो. दोन मालकांना सांगून भराव उकरून मोऱ्या मोठ्या करून घेतल्या, स्वतःच्या खर्चाने. तिसऱ्याने गेट उघडलं नाही.

बदललो कधी म्हणाल तर गुरुजींच्या स्लॅबनंतर, आणि तेही एका दमात नाही. पहिला प्रयोग आपटला. वास्तुविशारद लॉरी बेकरांची पोकळ भिंत, विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवायची. विटा साधारण पाव हिश्शाने वाचतात. वीट म्हणजे आमच्याकडे भातशेतीची वरची माती, आणि भट्टीवर दिवाळीपासून राबणारी कातकरी कुटुंबं. तेव्हा वाचवणं योग्यच. पण बाहेरून गिलावा न करता ती भिंत मी पश्चिमेला उघडी ठेवली. कोकणच्या पावसाने तिसऱ्याच दिवशी आतल्या कॅलेंडरवरचे देवसुद्धा भिजवले. मालकाने फक्त कॅलेंडर बदलून द्यायला सांगितलं, बाकी काही बोलला नाही. त्यानंतर पोकळ भिंती आतल्या बाजूला आणि पश्चिमेला पुढे आलेलं छप्पर, असं जमवलं. स्लॅबच्या खालच्या निम्म्या जाडीत, जिथे काँक्रीट फारसं कामाला येत नाही, तिथे जुनी मंगलोरी कौलं घातली. गावातून उतरवलेली कौलं फुकट मिळतात. "लोक म्हणतील पैसे संपले वाटतं" असं म्हणून काही मालकांनी नकार दिला. एकाने करून घेतलं आणि वर फॉल्स सीलिंग लावलं.

आणि आयटम रेट सोडला. आता मुलगी धंदा बघते. ती मालाच्या बचतीत वाटा घेते. ठरलेल्या ब्रासपेक्षा जेवढं कमी लागेल त्याचे निम्मे पैसे आमचे. हे मी वीस वर्षं आधी का केलं नाही, याला सरळ उत्तर आहे. त्या पद्धतीत तेव्हा मला कमी सुटले असते.

मे 2025 मध्ये राज्य सरकारने कृत्रिम वाळूचं धोरण मंजूर केलं. सरकारी कामांत तिचा वापर सक्तीचा, आणि ती करणाऱ्यांना रॉयल्टीत सवलत, ब्रासला 600 ऐवजी 200. नद्या आणि खाड्या वाचाव्यात हा हेतू चांगलाच आहे. पण ही वाळू म्हणजे बारीक केलेला दगड, आणि दगड डोंगराचा. नदीवरचं ओझं डोंगरावर टाकलं आणि वर त्याला सूट दिली. जगात वर्षाला 50 अब्ज टन वाळू-खडी वापरली जाते, असा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2022 चा अंदाज आहे. त्यातली कुठली नदीतून आणायची आणि कुठली डोंगरातून, यावर सगळा वाद चालतो. लागते किती, यावर कुणी बोलत नाही, कारण तो आकडा क्रशरवर ठरत नाही. तो नकाशावर ठरतो, माझ्यासारख्याच्या टेबलावर.

तेव्हा घर बांधायला काढाल, तर एस्टिमेटच्या शेवटच्या रकमेआधी ब्रासचा रकाना वाचा. खडीचा आणि रेतीचा वाहतूक पास दाखवा म्हणा. स्लॅबची जाडी कुणी ठरवली, इंजिनिअरने की तुमच्या मेव्हण्याने, ते विचारा. जुनं घर असेल तर पाडण्याआधी एकदा कुणाला तरी दाखवा. मला दाखवलंत तरी चालेल; शिळफाट्याला या, खोपोलीच्या. न पाडण्याचा सल्ला देण्याचीही फी घेतो.